रस्त्यापलीकडची जाऊ

गिऱ्हाईक गाडी चालवून बघायला निघालं की बाकीचे विक्रेते टुणकन त्याच्या शेजारी बसतात आणि तोंडाचा पट्टा सोडतात. थोरली मागे बसायची. अकरा वर्षं ती मागेच बसत आली होती. नव्याने लागलेल्या एकाने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "पुढे बसतो तो नुसता चालवतो. घ्यायची का नाही ते मागे ठरतं." मागे बायको असायची, नाहीतर आई, नाहीतर 'तू पण चल' म्हणून उचलून आणलेली कुणाची तरी आत्या. तिच्याशी थोरली बारीक आवाजात बोलायची. पाय पुरतात का, दार जड जातं का, उतरताना गुडघा कुरकुरतो का. पुढचा बापडा बॅटरी किती वर्षं टिकेल याची चौकशी करत राहायचा आणि मागे सौदा मिटलेला असायचा.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. शोरूममध्ये तिला मॅडम म्हणत, पण घरचंच नाव तिला जास्त शोभतं. वय त्रेपन्न, चष्मा कायम डोक्यावर, पायात बिनटाचेच्या चपला आणि आवाज असा की फोनवर बोलताना फोन लागूच नये. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं होती. कारखान्याला टाळं लागलं आणि ती या शोरूममध्ये फोन घ्यायला बसली.

मग हायब्रिड गाडी आली. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटारही आहे, असलं हे प्रकरण तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं. विक्रीवाले पुरुष त्या गाडीला 'अर्धवट' म्हणायचे. तिचं टेबल कुणालाच नको होतं. एक तर गाडी खपत नव्हती, आणि दुसरं म्हणजे ते टेबल स्वच्छतागृहाच्या दाराशी होतं. तेव्हाच्या मॅनेजरने इकडेतिकडे बघितलं आणि थोरलीला म्हणाला, "तुम्ही बसता का? तुम्ही तशाही बसलेल्याच असता."

ती बसली. पण त्याआधी आठवडाभर मागच्या वर्कशॉपमध्ये हेडमेकॅनिकच्या शेजारी गाडीखाली आडवी झाली. बाहेर आली तेव्हा केसांत ग्रीस होतं आणि गाडी तोंडपाठ होती. त्यानंतर तिने कुणाला माहितीपत्रक वाचून दाखवलं नाही. "सायकलवर उतार लागला की आपण पायडल मारतो का? ही पण मारत नाही. ब्रेक दाबल्यावर जो जोर फुकट जातो तो ही बॅटरीत साठवते आणि सिग्नल सुटला की तोच वापरते. काटकसरी बाई आहे हो, दुसरं काही नाही." आणि गिऱ्हाइकाला घेऊन जायची ती थेट संध्याकाळच्या सगळ्यात तुंबलेल्या चौकात. आजूबाजूच्या गाड्या घुरघुरत, धूर सोडत उभ्या, आणि यांची गाडी चिडीचूप. लोकांना वाटायचं बंद पडली. घाबरून बटण दाबायचे, आणि मग खरोखरच बंद पडायची. मागून हॉर्नचा गोंगाट, मागच्या सीटवर थोरलीचं हसणं.

पहिल्या वर्षी सहा गाड्या गेल्या, दुसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षी सरकारने सवलत जाहीर केली. हायब्रिड घेणाऱ्याला करात घसघशीत सूट. झालं! काल 'अर्धवट' म्हणणारे आज रांग लावून उभे. थोरलीचं टेबल दाराजवळ, काचेशी आलं. त्यावर फुलदाणी आली. फुलदाणीत खरी फुलं आली, तेव्हा थोरलीने ओळखलं की आपले दिवस पालटले.

पण सवलतीला एक शेपूट होतं. प्रत्येक कंपनीच्या ठरावीक इतक्या हजार गाड्यांपर्यंतच ती मिळायची. तेवढ्या खपल्या की त्या कंपनीची सवलत आधी अर्धी, मग पाव, मग शून्य. हेतू चांगला होता, नव्या कंपन्यांनाही उभं राहता यावं. प्रत्यक्षात काय झालं, तर जिने सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत जास्त गाड्या विकल्या तिचीच सवलत पहिली गेली. थोरली म्हणायची, "वर्गात पहिली आले म्हणून मला बाकावर उभं केलंय."

सवलतीच्या शेवटच्या महिन्यात तिने एक्केचाळीस गाड्या विकल्या. लोक डबे घेऊन येऊन बसत होते. पुढच्या महिन्यात तीन. त्यातली एक हेडमेकॅनिकच्या मेहुण्याने, निव्वळ भिडेखातर घेतलेली.

आणि रस्त्याच्या पलीकडे बरोब्बर समोर दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं. त्यांची हायब्रिड नुकतीच बाजारात आली होती, त्यामुळे त्यांची सवलत पुरती शाबूत. दारावर फुगे लावले होते. फुग्यांखाली हसतमुखाने उभी होती धाकटी.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी जाऊ. एक घर, एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये एकच दही. चार वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला "घरात बसून भिंती काय मोजतेस" म्हणून ओढून बाहेर काढलं होतं. स्वतःकडे जागा नव्हती म्हणून समोर चिकटवून दिलं. तेव्हा समोर साध्या पेट्रोलच्या गाड्या विकत, कुणाला पुढचं काय दिसणार? सकाळी दोघी एकाच बसने यायच्या, एकाच थांब्यावर उतरायच्या आणि एक डावीकडे, एक उजवीकडे वळायची. दोघींचे नवरे या हकिगतीत नाहीत. म्हणजे ते होते, जेवायच्या वेळेला दिसायचेही, पण कामाचे नाहीत म्हणून सोडून दिले.

त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मॅनेजरने थोरलीला काचेच्या खोलीत बोलावलं. हा नवा मॅनेजर, तिशीचा, केसांना काहीतरी चोपडून यायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण वाईट बातमी गोड आवाजात देण्याची वाईट सवय होती.

"मॅडम, हेड ऑफिसचं असं म्हणणं आहे की हायब्रिडचं वेगळं टेबल आता परवडत नाही. या महिन्यात आठ गाड्या झाल्या तर ठेवू. शेवटचा दिवस शनिवार आहे, संध्याकाळी सातला कॉम्प्युटर महिना बंद करतो. तोपर्यंत आठ सह्या."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर तुमच्यासाठी स्पेअर पार्टच्या गोडाऊनमध्ये जागा केली आहे. शांत असतं तिथे. या वयात बरं पडेल."

"कुणाच्या वयात?" थोरलीने विचारलं. मॅनेजर टेबलावरची टाचणी नीट ठेवू लागला.

गोडाऊन शहराबाहेर होतं. लोखंडी फळ्या, पुठ्ठ्याची खोकी, आणि दिवसातून दोनदा येणारा टेम्पो. पगार तोच मिळणार होता. पण थोरलीला माणसांशिवाय चार तास ठेवलं असतं तर तिने भिंतीला गाडी विकायला घेतली असती. अकरा वर्षांत जे काय मिळवलं ते सगळं त्या एका टेबलावर होतं आणि ते आठ सह्यांवर येऊन टेकलं होतं.

पहिल्या दहा दिवसांत एक सही झाली. लोक यायचे, बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गाडीवर सवलत नाही म्हणे?" आणि काचेतून समोरचे फुगे बघत निघून जायचे.

अकराव्या दिवशी एक निवृत्त नर्स आली. आधी समोर जाऊन आली होती, हातात त्यांची पिशवी. म्हणाली, "खरं सांगू का, मला तुमची गाडी आवडलीय. पण समोर सरकार एवढे पैसे सोडतंय, ते कसे सोडू?"

थोरलीने मान डोलवली. मग सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला कर किती बसतो वर्षाला?"

"मला? चिमूटभर पेन्शन माझी. त्यावर कसला कर?"

थोरलीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. हे ती क्वचित करायची. कपाटातून सवलतीचा मूळ सरकारी कागद काढला. तो सगळ्यांकडे होता, पण कुणी वाचत नसे, खुद्द तिनेही वाचून सहा वर्षं झाली होती. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: सवलत गाडीच्या किमतीतून वजा होत नाही. वर्षाअखेर तुम्हाला जो कर भरायचा असतो त्यातून ती वजा होते. ज्याला करच भरायचा नाही त्याच्या हातात सरकार काही ठेवत नाही.

"बाई," थोरली म्हणाली, "तुम्हाला समोर काहीही मिळणार नाही."

मग तिने दोन्ही कंपन्यांची दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवली. गंमत तिथे होती. समोरच्या कंपनीने सवलत आहे म्हणून किंमत हळूच वर सरकवून ठेवली होती. सरकारने गिऱ्हाइकासाठी सोडलेल्या पैशातला मोठा घास कंपनीनेच गिळला होता. आणि थोरलीच्या कंपनीने सवलत गेली म्हणून झक मारत किंमत खाली आणली होती. म्हणजे जो कर भरतो त्याला समोरची गाडी स्वस्त. जो भरत नाही त्याला ही स्वस्त, आणि चांगलीच स्वस्त.

नर्सने तिथल्या तिथे सही केली. जाताना म्हणाली, "आमचा निवृत्त नर्सांचा गट आहे, बावीस जणी आहोत. सगळ्यांना सांगते. आणि समोर जाऊन त्यांची पिशवी परत देते."

"राहू दे हो पिशवी. चांगली आहे, भाजीला होईल."

दुसऱ्या दिवशी थोरलीने काचेवर पाटी लावली. मॅनेजर आला आणि त्याने चहा बाजूला ठेवून पाटी दोनदा वाचली. पाटीवर ठसठशीत अक्षरांत होतं: 'आमच्या गाडीवर सरकारी सवलत नाही. का नाही आणि तुम्हाला ती हवी का, ते आत येऊन विचारा.'

"मॅडम, हे काय? आपली कमतरता आपणच टांगायची?"

"सगळ्या गावाला माहीत आहे ती. निदान अक्षर तरी आपलं असू दे."

"आणि आत आलेल्यांना तुम्ही काय विचारणार?"

"कर किती भरता, ते."

"असं कुणाला विचारतात का? लोक भडकतील!"

भडकलेच. एक जाडजूड गृहस्थ "तुम्ही कोण विचारणाऱ्या?" म्हणून असे तावातावाने उठले की खुर्चीच त्यांच्याबरोबर उठली. थोरलीने खुर्ची सोडवून दिली आणि म्हणाली, "तुम्ही भरपूर भरत असणार. मग समोर जा, तुमचा फायदा तिकडे आहे." गृहस्थ वरमले आणि खरोखर समोर गेले. पण बाकीचे आले. नर्सांच्या गटातल्या दोघी आल्या. शिवणकाम करून घर चालवणारी एक बाई आली, एक चित्रकला शिकवणारा आला, गाण्याच्या शिकवण्या घेणारी एक आली. ज्यांचं उत्पन्न करापर्यंत पोचत नाही आणि ज्यांना हे चारचौघांत बोलायची लाज वाटते, असे सगळे थोरलीच्या टेबलाशी येऊन मोकळेपणी बोलू लागले. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सात सह्या झाल्या होत्या.

आणि गुरुवारी संध्याकाळीच घरात ठिणगी पडली.

घरात सासूबाई होत्या. शहात्तर वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, पाठ ताठ, वाचा त्याहून ताठ. शोरूमच्या गोष्टी स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी धाकटीने भाजी चिरता चिरता तो मोडला.

"ताई, पाटी बरी लावलीत हो. माझी तीन माणसं या आठवड्यात तुमच्या दारात शिरली."

"माझ्या दारात नाही, त्यांच्या फायद्यात शिरली."

"म्हणजे मी त्यांना तोट्यात घालत होते?"

"तू पेन्शनवाल्यांना काय सांगतेस?"

"काय सांगणार? सवलत मिळेल म्हणून सांगते. छापलंय तसं."

"कर भरता का, हे विचारतेस?"

धाकटीच्या हातातली सुरी थांबली. "ते कशाला विचारायचं?"

थोरलीने सांगितलं. चार वाक्यांत, आवाज न चढवता. तिने आवाज चढवला नाही म्हणजे गोष्ट गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकटीचा चेहरा उतरत गेला. "मला कुणी हे शिकवलंच नाही," ती म्हणाली. मग एकदम चिडून, "तुम्हाला माहीत होतं तर पाटी लावण्याआधी मला सांगायचं होतं! समोरच उभी असते ना मी!"

थोरलीला ते पटलं. खरंच सांगायला हवं होतं. आठ सह्यांच्या मागे लागून तिला ते सुचलंच नव्हतं, का सुचून तिने ते बाजूला ठेवलं होतं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"झालं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "आता माझं ऐका. मी गाडी घेतेय."

दोघींनी एकदमच विचारलं, "कोण?"

"मी. माझं लायसन्स अजून दोन वर्षं चालू आहे, डोळे तपासून दिलंय. शाळेची गाडी मी वीस वर्षं चालवली, तुम्ही दोघी तेव्हा कुठे होतात? शनिवारी दोन्हीकडे येणार आहे. गिऱ्हाईक म्हणून. तोवर घरात जिने गाडीचा ग काढला, तिच्याकडून घेणार नाही."

दोन दिवस त्या घरात हवापाण्याच्या अशा गप्पा झाल्या की नवऱ्यांनाही संशय आला.

शनिवारी अकरा वाजता सासूबाई थोरलीच्या टेबलासमोर येऊन बसल्या. पर्स मांडीवर, चेहरा शाळातपासणीला आल्यासारखा. थोरलीला आठवी सही समोर बसलेली दिसत होती. मॅनेजरला ती जास्तच दिसत होती, कारण त्याने स्वतः चहा आणला.

सासूबाईंनी गाडी चालवली, आणि चांगली चालवली. दोन रिक्षावाल्यांना खिडकीतून शिस्त लावली. परत आल्यावर म्हणाल्या, "आवडली. आता विचार तुझा तो प्रश्न."

थोरलीने पेन उचललं. "कर भरता का?"

"भरते का म्हणजे? पेन्शन आहे, वरच्या दोन खोल्यांचं भाडं आहे. एकतीस वर्षं दर वर्षी भरतेय. एकदाही उशीर नाही."

थोरलीने कागदावर हिशेब मांडला. एकदा मांडला, मग दुसऱ्या बाजूने मांडला, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. काचेपलीकडून मॅनेजर भुवया उडवत होता. थोरली मनात म्हणाली, आत्ता गप्प बसलीस तर ती पाटी काढून टाक.

"आई, तुम्हाला सवलत पुरेपूर मिळेल. तुमच्यासाठी समोरची गाडी स्वस्त पडते."

"मग मला इथे चहा पाजत का बसवून ठेवलंय?" सासूबाई उठल्या, पर्स काखेत मारली आणि वाहनांमधून वाट काढत रस्ता ओलांडला. पाऊण तासाने परत आल्या.

"घेतली. निळी."

"बरं केलंत," थोरली म्हणाली.

"तुला वाईट वाटलं असेल. पण एकतीस वर्षं सरकारला देत आलेय. एकदा तरी त्याच्या खिशातून काहीतरी काढायचंच होतं मला. पुढच्या वर्षी फॉर्म भरताना मी पेढा खाल्ल्यासारखी हसणार आहे." सासूबाई इतक्या खूश होत्या की थोरलीलाही हसू फुटलं. मॅनेजरला मात्र फुटलं नाही. त्याने गोडाऊनच्या किल्ल्या शोधायला घेतल्या.

दुपार सरली. तीन वाजले, चार वाजले. एक माणूस आला, त्याला फक्त पंक्चर काढायचं होतं. थोरलीने टेबलाचा खण आवरायला घेतला, पेनं एका बाजूला, जुनी पत्रकं दुसऱ्या बाजूला. फुलदाणी शोरूमची का आपली, हे तिला आठवेना.

सव्वापाचला दार उघडलं. आत धाकटी. तिच्या एका हाताला एक म्हातारे गृहस्थ, दुसऱ्या हाताला त्यांची बायको. रस्ता ओलांडताना तिने दोघांना घट्ट धरलं होतं आणि अजून सोडलं नव्हतं.

"ताई, हे पोस्टमास्तर. निवृत्त. या त्यांच्या मिसेस. यांनी माझ्याकडे बुकिंग केलं होतं. मी यांना सवलतीचं चुकीचं सांगितलं होतं." धाकटीने एका दमात सगळं बाहेर टाकलं. "काल आणि आज बसून मी बुकिंग केलेल्या पाचही पेन्शनवाल्यांना फोन केले. दोघं म्हणाले, आम्हाला कर बसतो, आम्ही ठीक आहोत. एकाने मला बरंच काही ऐकवलं, ते बरोबरच होतं. एक जण विचार करतोय. आणि हे म्हणाले, मग आम्हाला योग्य ती गाडी तूच दाखव. म्हणून आणलं."

"आणि तुझे साहेब?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय. रजेत मी कुठला रस्ता ओलांडावा हे साहेब सांगू शकत नाहीत."

थोरलीने तिघांना खुर्च्या ओढल्या. बोलायला खूप होतं आणि साडेपाच वाजत होते. ती एवढंच म्हणाली, "बस. पाणी पी. घामाघूम झालीस."

पोस्टमास्तरांनी सांगितलं की गाडी त्यांची बायको चालवणार. तिने बासष्टाव्या वर्षी शिकून तीन महिन्यांपूर्वी लायसन्स काढलं होतं. "मी नुसता शेजारी बसतो आणि डोळे मिटतो," ते म्हणाले. थोरली मागे बसली. पावणेसहाला गाडी निघाली. फेरी वीस मिनिटांची असते.

पोस्टमास्तरीणबाईंनी चौकापर्यंत गाडी अशी नेली जणू काचेची भांडी भरली आहेत. सिग्नलला गाडी गप्प झाली तेव्हा त्याही गप्प झाल्या. मग त्यांना कंठ फुटला. "अगंबाई! किती शांत आहे ही! अहो, ऐकलंत का?"

"ऐकण्यासारखं काही नाहीच आहे," पोस्टमास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"ही माझ्या बहिणीला दाखवायची. इथेच राहते, पुलाच्या पलीकडे."

पुलाच्या पलीकडे म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. थोरलीने घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून पाच. गिऱ्हाइकाला घाई करायची नाही हा तिचा अकरा वर्षांचा नेम होता, आणि जिने चुकीचं ऐकून एकदा बुकिंग केलं त्या बाईला तर अजिबातच नाही. ती गोड आवाजात म्हणाली, "दाखवू या की."

बहीण बाहेर आली. बहिणीने दार उघडून पाहिलं, डिकी उघडून पाहिली, डिकीत बसता येईल का ते पाहिलं. तिच्या शेजारणी आल्या. सहा पंचवीस. परतताना पोस्टमास्तरीणबाईंना आपली जुनी मैत्रीण आठवली, जी म्हणाली होती की या वयात गाडी शिकून काय दिवे लावणार. त्या मैत्रिणीच्या खिडकीखाली गाडी उभी करून त्यांनी हॉर्न वाजवला. मैत्रीण खिडकीत आली. पोस्टमास्तरीणबाईंनी काही न बोलता फक्त हात हलवला आणि गाडी पुढे काढली. गाडीत तिघंही इतकी हसली की पोस्टमास्तरांचे डोळे उघडले आणि उघडेच राहिले. थोरलीचा एक डोळा घड्याळावर होता आणि हसून हसून पोटात दुखत होतं. असली फेरी तिने अकरा वर्षांत मारली नव्हती.

इकडे शोरूममध्ये कॉम्प्युटरवाला महिना बंद करायला आसुसला होता. घरी पाहुणे होते म्हणे. धाकटीने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्यांच्या गाडीबद्दल, म्हणजे थोरलीच्या कंपनीच्या गाडीबद्दल, एकामागून एक शंका विचारायला सुरुवात केली. बॅटरी ओली झाली तर? उंदराने वायर खाल्ली तर? गाडी सहा महिने वापरलीच नाही तर? तो उत्तरं देऊन थकला. "मॅडम, तुम्ही समोरच्याच ना? तुम्हाला एवढं कशाला हवंय?"

"शत्रूची माहिती असावी," धाकटी म्हणाली. "हं, आणि हँडब्रेक अडकला तर?"

सहा बावन्नला गाडी दारात आली. पोस्टमास्तरीणबाई उतरल्या, गाडीला एक चक्कर मारली, बोनेटवर थाप दिली आणि म्हणाल्या, "मला हिरवी मिळेल का?"

"मिळेल," मॅनेजर, धाकटी आणि थोरली एकदमच ओरडले.

सही करताना बाईंनी चष्मा शोधला. तो पर्समध्ये नव्हता, पोस्टमास्तरांच्या खिशातही नव्हता. थोरलीने स्वतःच्या डोक्यावरचा काढून दिला. बाईंना तो कसा काय लागू पडला देव जाणे, पण त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ बोट ठेवून वाचला. सातला चार मिनिटं कमी. मॅनेजर नखं खात होता. धाकटीने थोरलीचा हात धरला होता. शेवटच्या ओळीपाशी बाई थांबल्या. "यात सवलत नाही असं लिहिलंय."

"नाहीच आहे," थोरली म्हणाली.

"बरं झालं स्पष्ट लिहिलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. नावाखाली रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली.

कॉम्प्युटरवाल्याने कळ दाबली. पडद्यावर आठचा आकडा आला. मॅनेजरने आनंदाच्या भरात थोरलीशी हात मिळवला, धाकटीशी मिळवला आणि मग धाकटी कुठली हे आठवून तिच्याशी परत एकदा मिळवला.

बाहेर बस थांब्यावर दोघी उभ्या होत्या. धाकटीने विचारलं, "ताई, आमच्याही गाड्या धडाक्यात खपतायत. आमचा आकडा भरला की आमचीही सवलत जाणार ना?"

"जाणार. दीड वर्षात जाईल. मग तुझ्या टेबलावर माशा."

"मग काय करायचं?"

"तोवर तिसरी एखादी कंपनी फुगे लावून उभी राहील. आपण दोघी तिकडे रस्ता ओलांडून जाऊ आणि त्यांना कराचा प्रश्न शिकवू. पण सोमवारी आधी तुझी पाटी लिहायची. अक्षर माझं, शब्द तुझे."

सोमवारी समोरही पाटी लागली: 'आमच्या गाडीवर सवलत आहे, पण कर भरणाऱ्यालाच.' समोरच्या साहेबांनी दोन दिवस आदळआपट केली, तिसऱ्या दिवशी विक्री मोजली आणि गप्प बसले. कर भरणारे इकडून तिकडे आणि न भरणारे तिकडून इकडे, अशी त्या रस्त्यावर माणसांची ये-जा सुरू झाली. वाहतूक पोलीस कावला. तिसऱ्या आठवड्यात नगरपालिकेची माणसं रंगाची बादली घेऊन आली आणि दोन शोरूमच्या मधोमध पांढरे पट्टे मारून गेली. रंग वाळायच्या आत त्यावरून पहिली गेली ती ज्येष्ठ नर्सांची एक तुकडी, सहा जणी, हातात दरपत्रकं, मोठमोठ्याने वाद घालत की कुणाला किती कर बसतो.